धूळच धुळीला अडवते

एक लिटर पेट्रोल जळायला साधारण नऊ हजार लिटर हवा लागते. आकडा पहिल्यांदा ऐकला की दोन शून्यं जास्त पडली असावीत असं वाटतं, म्हणून हिशेब करूनच पाहू. पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या वजनाच्या 14.7 पट हवा लागते. एक लिटर पेट्रोल पाऊण किलोच्या जरा खाली भरतं, म्हणजे हवा झाली जवळजवळ अकरा किलो. हजार लिटर हवेचं वजन 1.2 किलो. भागाकार केला की नऊ हजार लिटर येतात. दहा बाय दहाच्या खोलीतली सगळी हवा तीन लिटर पेट्रोलमध्ये संपते. पुण्याहून मुंबईला जाताना गाडीने आठ लिटर पेट्रोल खाल्लं असं धरलं, तर वाटेत तिने नव्वद किलोच्या आसपास हवा ओढलेली असते. चालवणाऱ्याच्या स्वतःच्या वजनापेक्षा बहुधा जास्तच!

पेट्रोलचा काटा आपण रोज बघतो. ज्या हवेवाचून ते पेट्रोल पेटणारच नाही ती मात्र दिसत नाही, विकतही घ्यावी लागत नाही, म्हणून तिचा विचार मनात येत नाही. चार सिलिंडरची साधी 1200 सीसीची गाडी घ्या. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे मारत असेल, तर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला पंचवीस वेळा हवा आत ओढतो. चौघांचे मिळून शंभर श्वास, एका सेकंदात. आणि हा प्रत्येक श्वास बॉनेटखालच्या काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात बसवलेल्या, काही शे रुपयांच्या कागदातून गाळून जातो. तो कागद म्हणजे एअर फिल्टर. तो घरी, अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दहा-पंधरा मिनिटांत बदलता येतो. पण बदलण्याआधी तो करतो काय ते समजून घेतलं पाहिजे, कारण मला वाटतं, गाडीतल्या इतर कुठल्याही भागाबद्दल आपला समज इतका उलटा नसेल.

आधी धुळीविषयी. सिलिंडरच्या भिंतीवरून पिस्टनच्या रिंगा वरखाली घसरतात, आणि दोघांच्या मध्ये तेलाचा थर असतो, काही मायक्रॉनच जाड. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो. त्याच्या दहाव्या-विसाव्या हिश्शाएवढा तो थर. धुळीचा कण या थरापेक्षा लहान असेल तर तेलाबरोबर वाहत जातो, कुठेच घासत नाही. फटीपेक्षा खूपच मोठा असेल तर तिच्यात शिरणंच त्याला अवघड जातं. खरा घात करतो तो मधला, साधारण पाच ते वीस मायक्रॉनचा. तो फटीत शिरतो आणि दोन्ही बाजूंना एकाच वेळी टेकतो. डोळ्याला सुटा दिसणारही नाही असा तो कण पिस्टनच्या प्रत्येक फेरीत दोन्ही धातूंवर रेघ ओढत राहतो.

रेघ ओढण्याइतकी ताकद त्याच्यात असते का? असते. वाळूतलं क्वार्ट्झ मोह्सच्या कठिणतेच्या मापावर सातव्या पायरीवर आहे, सिलिंडरच्या ओतीव लोखंडाच्या बरंच वर. आपल्या दख्खनच्या काळ्या बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ फारसं नसतं, पण त्यातलं फेल्डस्पार आणि पायरॉक्सिनही सहाच्या आसपास भरतं. खडी क्रशरजवळून जाताना गाडीच्या काचेवर जी करडी पूड बसते, ती हीच. लोखंडाला ओरखडा काढायला ती पुरेशी आहे.

ही गोष्ट लढाईत फार महागात पडलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात गेलेल्या स्पिटफायर विमानांच्या नाकाखाली व्होक्स नावाचा भलामोठा फिल्टर बसवला गेला. त्या फुगीर हनुवटीमुळे विमानाचा वेग घटायचा, म्हणून वैमानिकांना तो आवडत नसे. तरीही तो लावावा लागला, कारण त्याच्याशिवाय इंजिनं वाळूने झिजून निकामी झाली असती. शेवटी इजिप्तमधल्या अबुकिर इथल्या दुरुस्ती केंद्राने लहान, सुटसुटीत फिल्टर घडवला. समोर शत्रूची विमानं असताना वेगावर पाणी सोडणं म्हणजे काय, याचा विचार केला की धुळीची दहशत किती होती ते कळतं.

आता त्या कागदाकडे येऊ. फिल्टर म्हणजे चाळणी, असं आपण धरून चालतो: भोकं बारीक, त्यांच्यापेक्षा मोठी धूळ वर अडते, हवा खाली जाते. हे फारच थोड्या कणांच्या बाबतीत खरं आहे. एअर फिल्टरचा कागद लाकडाच्या लगद्यातल्या तंतूंचा असतो, रेझिनमध्ये भिजवून, तापवून कडक केलेला. सूक्ष्मदर्शकाखाली तो पाहिला तर गवताच्या विसकटलेल्या गंजीसारखा दिसतो आणि तंतूंमधल्या मोकळ्या जागा दहा मायक्रॉनांच्या काही पट असतात. म्हणजे पाच मायक्रॉनचा कण त्यातून आरामात पार व्हायला हवा. होत नाही. तो पकडला जातो. भोकापेक्षा कितीतरी लहान कण भोकात अडकतो, आणि हे कसं घडतं ते पाहण्यासारखं आहे.

हवेला तंतू आडवा आला की ती त्याला वळसा घालते. जड कणाला तेवढ्या चपळाईने वळता येत नाही. तो आपल्या ओघात सरळ जातो आणि तंतूवर आदळतो. मधल्या आकाराचा कण हवेबरोबर वळतो खरा, पण वळताना त्याची कड तंतूला घासते, आणि एकदा स्पर्श झाला की संपलं. इतक्या लहान प्रमाणावर रेणूंमधलं आकर्षण कणाच्या वजनापेक्षा कितीतरी मोठं असतं. तो तिथेच चिकटतो. या कागदाला डिंक लागत नाही.

सगळ्यात लहान कणांची कथा सगळ्यात विलक्षण. 1827 मध्ये रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाला सूक्ष्मदर्शकाखाली परागकणांतून निघालेले बारीक कण पाण्यात सतत थरथरताना दिसले. ती थरथर पाण्याच्या रेणूंच्या धडकांमुळे होते, हे आइन्स्टाइनने 1905 मध्ये गणिताने मांडलं. हवेतही तेच चालतं. मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढा कण सरळ रेषेत जातच नाही. हवेचे रेणू त्याला इकडून तिकडून ढकलत असतात आणि तो वेडावाकडा भरकटतो. भरकटता भरकटता कुठल्यातरी तंतूला शिवतो, आणि चिकटतो. म्हणजे मोठा कण पकडला जातो तो त्याच्या हटवादी सरळपणामुळे, आणि लहान पकडला जातो त्याच्या भरकटण्यामुळे. निसटायला सर्वांत सोपं जातं ते या दोघांच्या मधल्याला, साधारण मायक्रॉनच्या तिसऱ्या हिश्शाएवढ्या कणाला. त्याला ना पुरेसं वजन, ना पुरेशी थरथर. गाडीच्या कागदातून असे कण बऱ्याच संख्येने पार होतात. पण वरचा तेलाचा थर आठवा: एवढे लहान कण त्या थरात बुडून वाहून जातात. फिल्टरच्या हातून जे निसटतं, त्याचं इंजिनाला फारसं काही वाटत नाही. या जुळणीचं मला आजही नवल वाटतं.

आणि हे सगळं घडायला वेळ मिळतो तो चुण्यांमुळे. फिल्टर हातात घ्या आणि चुण्या मोजा. चोवीस सेंटिमीटर लांब, वीस रुंद अशा चौकटीत चार सेंटिमीटर उंचीच्या पंचेचाळीस चुण्या असतील, तर उलगडल्यावर तो कागद सात हजार दोनशे चौरस सेंटिमीटर होतो, चौकटीच्या पंधरा पट. गाडी साठच्या वेगाने आरामात चालली असताना मिनिटाला साडेचारशे लिटरच्या आसपास हवा लागते. तोंडाच्या नळीतून ती वाऱ्यासारखी येते, पण एवढ्या मोठ्या कागदावर पसरली की प्रत्यक्ष कागदातून जाताना तिचा वेग सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर उरतो. बाहेर गाडी सुसाट आहे, इंजिन गरगरतंय, आणि मधे या डब्यात हवा रेंगाळत, संथपणे तंतूंमधून वाट काढतेय.

आता त्या उलट्या समजाकडे. मळका फिल्टर कमी गाळतो, असं आपण मानतो; घडतं उलट. तंतूंवर धूळ बसली की तंतू जाड होतात, मधल्या जागा आक्रसतात, आणि पुढच्या कणांना अडवायला तंतूंच्या जोडीला आधीची धूळही उभी राहते. म्हणजे वापरलेला फिल्टर नव्यापेक्षा बारीक गाळतो. प्रयोगशाळेत हे नेमकं मोजतात. त्यासाठी जगभर एकच ठरावीक धूळ वापरली जाते: अमेरिकेतल्या अॅरिझोनाच्या वाळवंटातली, दळून, आकाराप्रमाणे वेगळी करून डब्यात भरलेली. आयएसओ 12103 या मानकात तिच्या बारीक-जाड प्रती ठरवून दिल्या आहेत. ही धूळ फिल्टरवर एका लयीत सोडत राहायची, किती अडली आणि हवेला किती अडथळा झाला ते नोंदवायचं. सुरुवातीच्या काही ग्रॅमला फिल्टर थोडा कच्चा असतो, मग धुळीचा थर बसतो आणि अडवण्याचं प्रमाण चढत जातं. शेवटी फिल्टर बाद होतो तो नीट गाळत नाही म्हणून नव्हे. हवा पुरेशी सुटत नाही म्हणून.

हे कळलं की गॅरेजमधली एक नेहमीची गोष्ट वेगळी दिसायला लागते. सर्व्हिसिंगला गाडी दिली की मुलगा फिल्टर काढतो, जमिनीवर दोन-चारदा आपटतो, कॉम्प्रेसरची नळी लावून हवा मारतो आणि "साफ केला साहेब" म्हणत परत बसवतो. करणाऱ्याची भावना चांगलीच असते. पण कॉम्प्रेसरच्या नळीत वातावरणाच्या सहा-आठ पट दाब असतो, आणि या कागदाने आयुष्यभर सोसायचा दाब त्याच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपासचा. त्या झोताने तंतू तुटतात, चुणीच्या कडेला डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात. शिवाय इतके दिवस जमलेला उपयोगी थर निघून जातो. वरून कागद पांढरा दिसतो आणि गाळण्याचं काम पुन्हा कच्चेपणापासून सुरू होतं, तेही भोकांसकट. काही कंपन्यांच्या पुस्तिका आतल्या बाजूने, कमी दाबाने, लांबून हवा मारायला परवानगी देतात. ती तेवढ्याच बेताने पाळावी. माझं मत विचाराल तर फिल्टर एकतर जागेवर राहू द्यावा, नाहीतर नवा घालावा.

मग बदलायचा कधी? "फिल्टर चोंदला की अॅव्हरेज पडतं" हे आपल्याकडे सगळे सांगतात, आणि कार्ब्युरेटरच्या गाड्यांबाबत ते खरं होतं. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये मुद्दाम चोंदवलेले फिल्टर लावून गाड्या तपासल्या. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत नवा फिल्टर घातल्यावर दोन ते सहा टक्के इंधन वाचलं. इंजेक्शनच्या आधुनिक गाड्यांत अॅव्हरेजमध्ये म्हणावा असा फरकच पडला नाही. पडला तो पिकअपमध्ये. कारण सुंदर आहे. पेट्रोल गाडी आरामात चालते तेव्हा हवेची वाट आपण स्वतःच अडवलेली असते: अॅक्सिलरेटर थोडाच दाबलेला, थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली. त्या झडपेपुढे फिल्टरचा अडथळा किरकोळ. फिल्टर थोडा चोंदला तर पाय नकळत थोडा जास्त दाबतो, झडप थोडी जास्त उघडते, इंजिनाला तेवढीच हवा मिळते आणि सेन्सरच्या मोजणीप्रमाणे तेवढंच पेट्रोल सुटतं. घाट चढताना किंवा ओव्हरटेक करताना झडप पूर्ण उघडते, तेव्हा मात्र वाटेत उरतो तो फिल्टरच, आणि गाडी दम टाकते. डिझेल गाडीत वेग कमी-जास्त करायला अशी झडप मिटावी लागत नाही, गाडी कायम पोटभर हवा घेते. म्हणून चोंदलेला फिल्टर तिथे काळ्या धुरातून आधी बोलतो.

किलोमीटरच्या आकड्यावर मात्र डोळे मिटून विसंबू नये. बहुतेक पुस्तिकांत वीस ते चाळीस हजार किलोमीटरच्या दरम्यानचा आकडा असतो आणि खाली बारीक अक्षरात 'धुळीच्या रस्त्यांवर लवकर' असं लिहिलेलं असतं. खरी गोष्ट त्या बारीक अक्षरात आहे. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे हवेत दहा मायक्रॉनपर्यंतची धूळ चोवीस तासांच्या सरासरीने घनमीटरला 100 मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. तेवढ्या धुळीच्या हवेतून गाडी दहा हजार किलोमीटर चालली, तर तिने ओढलेल्या पाच हजार घनमीटर हवेत ही धूळ भरते अर्धा ग्रॅम. फक्त अर्धा! आणि लहान गाडीचा फिल्टरही शंभर ग्रॅमच्या घरात धूळ पोटात घेऊ शकतो. म्हणजे फिल्टर भरतो तो हमरस्त्यावरच्या हजारो किलोमीटरांनी नव्हे. भरतो तो शेताकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर, चौपदरीकरणाच्या कामाशेजारी, वाळूच्या डंपरच्या मागे काच बंद करून काढलेल्या थोड्या मैलांनी. त्यामुळे सोलापूर रस्त्यावर गुळगुळीत फिरणारी गाडी आणि रोज खाणीच्या वाटेने जाणारी गाडी यांचा एकच आकडा असूच शकत नाही.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन बंद आणि गार असू द्या. गाडीच्या पुस्तकातून किंवा जुन्या फिल्टरच्या कडेवरून नंबर बघून त्याच नंबरचा नवा आणा. दुकानात 'एअर फिल्टर' स्पष्ट सांगा, कारण एसीचा केबिन फिल्टर निराळा. तो बहुधा ग्लव्हबॉक्सच्या मागे असतो आणि आपल्या नाकासाठी असतो. बॉनेट उघडून जाड, घड्यांच्या रबरी नळीचा माग काढला की ती एका काळ्या डब्याला जाऊन मिळते. डब्याच्या झाकणाला बहुधा स्टीलच्या क्लिपा असतात, बोटांनी उचकटता येतात. काही गाड्यांत स्क्रू किंवा दहाच्या पान्याचे बोल्ट असतात. नळीवर सेन्सरची वायर असेल तर तिला ताण देऊ नका.

झाकण उचललं की घाई करू नका. जुना फिल्टर तिरका न करता सरळ वर उचला, म्हणजे त्यावरची धूळ स्वच्छ बाजूला सांडणार नाही. डब्याच्या दोन बाजू आहेत: एक बाहेरच्या हवेची, जिथे पानं, किडे, वाळू पडलेली असते, दुसरी इंजिनाकडे जाणारी. पहिली ओल्या फडक्याने पुसून घ्या. दुसरीत काही पडता कामा नये, फडक्याचा धागासुद्धा नाही. पावसाळ्यानंतर पहिल्या बाजूत उंदराने चिंध्यांचं घरटं केलेलं सापडलं तर आश्चर्य मानू नका. अशा वेळी फिल्टर कुरतडलाय का, हे बारकाईने बघा.

आणि आता माझ्या दृष्टीने या कामातली सगळ्यात महत्त्वाची तपासणी. एक पांढरं, कोरडं कापड बोटाला गुंडाळा आणि इंजिनाकडच्या बाजूला, फिल्टरची रबरी कड जिथे टेकत होती त्या खाचेच्या आतून सावकाश फिरवा. कापड स्वच्छ निघालं तर बसवणूक चोख होती. एखाद्या कोपऱ्यात करडी रेघ उमटली, तर तिथून हवा फिल्टर चुकवून जात होती. हवा नेहमी सोपी वाट धरते. कागदातून गाळून जाण्यापेक्षा कडेच्या केसभर फटीतून निसटणं तिला कधीही सोपं, आणि फिल्टर जसजसा भरतो तसतसं अधिकच सोपं. तंतूंची सगळी करामत त्या एका फटीपाशी वाया जाते. म्हणून नवा फिल्टर ठेवताना रबर चारी बाजूंनी खाचेत बसलंय ना, कुठे दुमडलं नाही ना, हे बोट फिरवून बघा. झाकणाला पलीकडच्या बाजूने खुंट्या असतील तर त्या आधी त्यांच्या खोबणीत अडकवा, मग क्लिपा लावा. क्लिप लावताना जोर करावा लागत असेल तर काहीतरी वाकडं बसलंय. उघडा आणि पुन्हा बसवा. इंजिन सुरू केल्यावर बारीक शिट्टी ऐकू आली किंवा डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटला, तरी झाकण आणि सेन्सरची वायर पुन्हा एकदा बघायची. नव्या फिल्टरच्या चौकटीवर पेनाने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवलेले असले की पुढच्या वेळी उगाच उघडझाप होत नाही.

जुना फिल्टर लगेच कचऱ्यात टाकू नका. चुण्या बोटांनी फाकवून उजेडात धरा. कोकणात किंवा गोव्यात फिरलेल्या गाडीच्या फिल्टरवर जांभ्याची तांबडी झाक असते, देशावरच्या गाडीवर करडी. उसाच्या पट्ट्यात पाचट पेटवण्याच्या दिवसांत काजळीचे काळे तुकडे मिळतात, उन्हाळ्यात सावरीच्या कापसाचे तंतू, चुणीच्या तळाशी एखाद्या पतंगाचा पंख. आता तो उलटा करा आणि इंजिनाकडची बाजू बघा. इतकी सगळी हवा पलीकडून आलेली असताना हा कागद इकडून जवळजवळ नव्यासारखाच असायला हवा. तसा असेल तर त्याच गाडीला त्याच बनावटीचा फिल्टर पुढच्या वेळीही निर्धास्त आणा. या बाजूला ठिपके किंवा डाग दिसले, तर बनावट बदला.